तुलनेचा हात

उद्देश: डास पळवणारी क्रीम चालते हे सिद्ध करणे.

(चालते *का* ते पाहणे. ही दुरुस्ती मी पेन्सिलने केली होती. साहेबांनी खोडरबर मागवलं.)

साहित्य: जाळीचा पिंजरा, दोनशे उपाशी डास, साहेबांचा क्रीम लावलेला हात, तुलनेसाठी माझा कोरडा हात. क्रीम साहेबांनीच बनवलेली. माझी नोकरी अजून कच्ची. ती पक्की करायचा कागद साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या सहीची वाट बघत.

कृती: दहा मिनिटं हात आत.

निरीक्षण: साहेब शून्य. मी एक्केचाळीस.

घरी आई म्हणाली, "अगं, गोवर आलाय की काय?"

"नाही, विज्ञान."

निष्कर्ष: तो साहेबांनी प्रयोगाच्या आधीच लिहून ठेवला होता.

"पण साहेब, हात दोन वेगळ्या माणसांचे आहेत. तुम्हाला एरवीही चावत नसतील."

"डासांना काय धाड भरलीय मला न चावायला?"

"मग दुसरा हात तसाच घालून बघा."

भांडारातले काका बाटल्या पुसत होते. त्यांना एकदम खोकला आला.

कृती, पुन्हा: काकांनी दोन सारख्या ट्यूब भरल्या. एकीत क्रीम, एकीत साधं मलम. वर फक्त अ आणि ब. कशात काय ती चिठ्ठी काकांच्या खिशात. कोणत्या हाताला कोणती, ते रोज नाणं उडवून. असे सहा दिवस.

निरीक्षण, पुन्हा:

साहेब: अ शून्य, ब शून्य.

मी: अ दोनशे एकतीस, ब दोनशे सव्वीस.

चिठ्ठी उघडली. क्रीम म्हणजे अ.

"बघ, शून्य!" साहेब खूश.

"मलमालाही शून्यच आहे, साहेब."

"डास तुमचा मान ठेवतात," काका बाटलीकडे बघत म्हणाले.

साहेबांनी माझ्या ओळीवर काट मारली. "हिचं रक्तच विचित्र. आणि एका माणसावरून काय कळतं?"

"मग वीस माणसं आणू."

"वेळ आहे का? तान्ह्या बाळांची क्रीम आहे ही, खोकीसुद्धा छापून आलीत. तू इथे सही कर, मी तुझ्या कागदावर करतो."

मी पेन उघडलं.

"साहेब, तुमच्या नातीला लावता ना ही?"

"तिला कशाला? तिला मच्छरदाणी आहे."

पिंजरा तेवढा गुणगुणत होता.

काट मारलेली ओळ मी खाली पुन्हा लिहिली, यावेळी शाईने. तिच्याखाली: *साहेबांची नात, मच्छरदाणीत.* त्याखाली सही.

माझा कागद साहेबांनी खणात टाकला. खणाला कुलूप लावलं.

दारात काकांनी अडवलं. माझे हात कोपरापर्यंत लाल.

"खाजतंय ना? काहीतरी लाव बाई. अ देऊ की ब?"

"द्या कुठलीही, काका."