ज्यूरीतला आठवा होकार

शुक्रवारी दुपारी ज्यूरीच्या खोलीत अकरा जण एका बाजूला होते आणि लुकास झाबो एकटा दुसऱ्या. निकालाला बाराही जणांचं एकमत लागत होतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारा हा तरुण न्यायाधीशबाईंनी दिलेल्या सूचनांवर अडून बसला होता.

आरोपी ऑड्रा पेल्की नगरपालिकेत बांधकामाचे परवाने देई. तिने एका ठेकेदाराचा परवाना मंजूर करून टपालाने पाठवला. पुढच्या महिन्यात त्याने तिच्या घराचं छप्पर फुकट दुरुस्त करून दिलं. लोकांचा तिच्या प्रामाणिक सेवेवर हक्क होता. तो तिने विकला आणि त्या फसवणुकीत टपाल वापरलं, असा खटला.

"नुसती भेट घेतली म्हणजे हा गुन्हा होत नाही, असं बाईंनी सांगितलंय," लुकास म्हणाला. "छपराच्या बदल्यात परवाना, असा सौदा हवा. तो झाल्याचं कुठल्या साक्षीदाराने सांगितलं?"

"मग छप्पर काय आभाळातून पडलं, शास्त्रज्ञ?" अकरांतला वयस्कर व्हर्न म्हणाला. त्याला संध्याकाळी चर्चमधल्या शुक्रवारच्या जेवणासाठी मासे तळायचे होते.

"तिने घेतलं ते वाईटच, काका. पण आपल्याला विचारलंय ते वेगळं."

"मग बस सोमवारपर्यंत, आम्हालाही बसव."

ज्यूरीप्रमुख डोलोरेस हळूच म्हणाली, "बाळा, सोमवारी माझ्या नवऱ्याला डायलिसिसला कोण नेणार?"

केवळ निकाल लागावा म्हणून आपलं मत सोडू नका, हीही सूचना होती. ती लुकासला पाठ होती. तरी त्याने 'दोषी'साठी हात वर केला.

"दोषी," डोलोरेसने कोर्टात वाचलं. तेव्हा ऑड्राच्या वकिलाने एकेकाला विचारण्याची मागणी केली. बारा हातांत आपला हात हरवून जाईल, अशा भरवशावर लुकास होता. आता कारकून क्रमाने विचारू लागला, "हा तुमचा निकाल आहे का?" एक नकार आला असता, तरी निकाल अडला असता. ऑड्रा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती.

"ज्यूरर क्रमांक आठ?"

"हो," लुकास पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पुन्हा सांगा. सावकाश."

त्यांना घाई नव्हती. लुकासची कानशिलं तापली.

"हो," तो म्हणाला. या वेळी ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

ऑड्राने मान नवव्या ज्यूररकडे वळवली.