ओळंब्याला टेकवलेला मोबाईल

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे, दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ आली का, हे पाहायला गवंडी मला वरून खाली सोडतो आणि मी लटकतो. माझं शिक्षण एवढंच.

दोन फुटके पितळी तांबे वितळवून मला ओतलं, तेव्हापासून मी घोडेगावच्या अब्दुल मिस्त्रींकडे आहे. तीस वर्षं आम्ही नगरच्या सावेडीत बंगले बांधले. भिंत माझ्या दोरीपासून जरा जरी हलली, की मिस्त्री बांधलेला थर उतरवायचे. मालक म्हणायचे, "मिस्त्री, रंग दिल्यावर कुणाला दिसतंय?"

"याला दिसतंय," मिस्त्री माझ्याकडे बोट करायचे. एवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

मागच्या वर्षी गावातल्या शाळेच्या दोन नव्या खोल्यांचं काम निघालं. मिस्त्रींची मुलगी अर्शी त्याच शाळेत शिकलेली. तीस वर्षं कामावरच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव होतं. हे एक काम मिस्त्रींना स्वतःच्या नावावर हवं होतं. त्यासाठी ठेकेदारीचा परवाना हवा, आणि परवान्यासाठी परीक्षा. आमच्या घोडेगावच्या गुरांच्या बाजारात बैलाचे दात बघतात, चालवून बघतात; त्याला चार पर्याय देत नाहीत. माणसांचं तसं नसतं.

अभ्यास मोबाईलवर होता. उलट्या घमेल्यावर मला ठेवून मिस्त्री मोबाईल माझ्या अंगाला तिरका टेकवायचे. मोबाईलमधले सर भिंत कशी बांधतात ते सांगत. त्यांचे हात फार स्वच्छ होते. मिस्त्री सगळं वहीत उतरवून घेत.

"लहानपणी असे बसले असते, तर आज कलेक्टर असते," त्यांच्या पत्नी जरीनाबी चहा ठेवता ठेवता म्हणायच्या.

सरावाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. तीन मीटर उंच भिंत ओळंब्यापासून किती हललेली चालते? उत्तर होतं, सहा मिलिमीटर. मिस्त्री दर वेळी शेवटचा पर्याय दाबायचे, 'यापैकी नाही'.

"अब्बा, सहा. पुस्तकात सहाच हाय."

"सहा चालत न्हाई गं."

"भिंतीत नका चालवू. पेपरात चालतंय. नुसतं दाबायचंय."

"दाबलं म्हंजी मी व्हय म्हणल्यागतच झालं की."

शेवटी पोरीखातर ते कबूल झाले. परीक्षेला नगरला गेले, आणि निकाल आला तो एका गुणाने नापास.

"अब्बा, तो सहाचा प्रश्न आलता?"

"आलता."

"मग?"

मिस्त्री माझी दोरी गुंडाळत राहिले. "हात सहाकडंच गेलता. मग भिंत दिसली."

परीक्षा पुन्हा देता आली असती, पण खोल्या थांबणार नव्हत्या. काम हर्षल नावाच्या तरुण ठेकेदाराला मिळालं. पोरगा वाईट नाही. मोबाईलमधल्या त्याच सरांकडे शिकून पहिल्या फटक्यात पास झालेला.

खोल्या उभ्या राहिल्यावर एका दुपारी मिस्त्री मला घेऊन गेले आणि भिंतीवरून खाली सोडलं. मी लटकलो. मिस्त्रींनी आणि हर्षलने वाकून पाहिलं.

"किती भरतंय, चाचा?" हर्षलने विचारलं.

"पाच."

"मग नियमात हाय."

"व्हय. नियमात हाय."

घरी येऊन त्यांनी मला खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून खाली काढलेलं नाही. मिस्त्री आता रंगकामाला जातात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत बसत असेल, तर घाबरू नका. भिंत पडणार नाही. तुमच्या घरी कुणी मिस्त्री थर उतरवून पुन्हा बांधत असतील, तर त्यांना घाई करू नका; चहा द्या. मी खिळ्यालासुद्धा सरळच लटकतो, मला दुसरं काही येत नाही. काळा पडलो आहे, पण चिंच लावून घासलं की पितळ उजळतं. मिस्त्रींना काय लावायचं, ते मात्र मला माहीत नाही.