तिसरा पेला

जुनी आगगाडी घाटात शिट्टी मारायची, तेव्हा कुठे आमच्या गावातली अदिस अबाबाला, राजधानीला जाणारी माणसं कॉफीच्या बिया भाजायला घ्यायची. तीन पेले पिऊन रमतगमत स्टेशनात जावं, तरी गाडी धापा टाकत यायचीच असायची.

मग नवी, विजेची गाडी आली. अस्कालेमावशीने शिट्टी ऐकून नेहमीसारख्या बिया शेगडीवर टाकल्या. त्या तडतडायच्या आत गाडी निघूनही गेली!

मावशी तणतणत स्टेशनमास्तरकडे गेली.

"गाडी वेळेवर आली, मावशी," तो म्हणाला.

"तिला कुणी सांगितलं होतं?"

पुढच्या खेपेला शेगडी, सुरई आणि मी, असं सगळं सामान घेऊन मावशी आधीच फलाटावर जाऊन बसली. गाडी थांबली. वासाने ड्रायव्हर गुतेमा खाली उतरला. एक पेला पिऊन तो उठायला लागला.

"ऊठ की," मावशी म्हणाली. "आशीर्वाद असतो तिसऱ्या पेल्यात. तो टाकून गेलास, तर तुझ्या आईला कळवते."

गुतेमाने परत बसून पेला पुढे केला.

"अरे, सिग्नल मिळालाय!" ओरडत स्टेशनमास्तर धावत आला. मावशीने त्याच्याही हातात पेला ठेवला. आता त्याचेही तीन!

कर्ण्यावरून घोषणा झाली, "तांत्रिक कारणामुळे गाडीला उशीर होत आहे." तांत्रिक कारण तेव्हा निखाऱ्यांना वारा घालत होतं.

शेवटी मावशी ऐटीत डब्यात चढली, गाडीचा बाक थोपटत मला म्हणाली, "ही नवी पोरगी गुणाची आहे गं. जरा वळण लावावं लागलं."