गवत कोंबलेली घंटा

मी गाईच्या गळ्यातली एक जुनी घंटा आहे. वयाने राग निवळतो म्हणे. माझा निवळलेला नाही, मित्रांनो.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढणारे पोलंडचे हजारो सैनिक हरले आणि सीमा ओलांडून आमच्या स्वित्झर्लंडमध्ये शिरले. आम्ही पडलो तटस्थ. त्यांची शस्त्रं काढून घेतली आणि त्यांना छावणीत ठेवलं. दिवसा ते शेतांवर राबत. आंब्रोसच्या गोठ्यावर आला झेनोन, मूळचा लोहार. त्याने पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं आणि काठावर आपलं नाव कोरलं. माझा आवाज ऐकून आंब्रोस इतका खूश झाला की त्याने झेनोनला घरात नेऊन बसवलं.

"घे रे, अजून एक पेला घे!"

"मालक, आम्हाला कुणाच्या घरी बसायची बंदी आहे."

"इथे कोण बघतंय? पी मुकाट्याने!"

पुढे गावात माझं कौतुक झालं, तेव्हा घंटा आपणच घडवली असं आंब्रोस सांगत सुटला. झेनोन एवढंच म्हणाला, "मालक, काठावर नाव माझं आहे." आंब्रोसने कानस घेऊन ते नाव घासून टाकलं. शिवाय हा घरात बसून दारू पितो, अशी छावणीत चुगली केली. झेनोनची रवानगी शिक्षेच्या छावणीत झाली.

मला सूड हवा होता. पण घंटेला हात कुठले? हात होते आंब्रोसच्या बायकोला, वेरेनाला. तो पेला तिनेच भरला होता.

उन्हाळा संपला की गुरं डोंगरावरून वाजतगाजत गावात उतरतात. पुढच्या गाईला फुलं आणि सगळ्यात मोठी घंटा. त्या वर्षी घरातलं कुणी वारलं असेल तर मात्र फुलं नाहीत, आणि घंटेत गवत कोंबतात. त्या सकाळी आंब्रोस मिशीला पीळ देत चौकात उभा होता. इकडे डोंगरावर वेरेनाने गाईची फुलं उतरवली आणि माझ्या तोंडात मुठी भरभरून गवत कोंबलं. मुकं होण्यात एवढा आनंद असेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्हाला पाहताच गावाने टोप्या काढल्या. पाद्री पुढे आले.

"वेरेनाबाई, कोण गेलं?"

"आमच्या घरातलं इमान गेलं, फादर. पेला मी भरला, आग्रह ह्याने केला, आणि चुगलीही ह्यानेच केली. घंटा झेनोनची आहे."

"तोंड आवर!" आंब्रोस ओरडला.

"घंटेचं आवरलंय. माझं नाही आवरणार."

टोप्या कुणीच परत घातल्या नाहीत. आंब्रोस त्या माणसांमधून एकटा घरी गेला. दुसऱ्या दिवशी छावणीत जाऊन त्याने खरं काय ते सांगितलं. झेनोन शिक्षेतून सुटला, पण आमच्या गोठ्याकडे पुन्हा फिरकला नाही.

आंब्रोस दर वर्षी मला तेल लावायचा. घासलेल्या जागी तरीही गंज चढायचा, आणि मी तो चढू द्यायचे. मित्रांनो, वस्तू जपायची असेल तर आधी ती घडवणाऱ्याचं नाव जपा.

काही वर्षांनी भर उन्हाळ्यात आंब्रोस गेला. गुरं गावात उतरताना रिवाजाप्रमाणे माझ्या तोंडात गवत हवं होतं. वेरेनाने कोंबलं नाही. मी गावभर खणखणीत वाजले.