घरात न बोलायचा शब्द

घण पडला की कानांच्या आधी दातांना कळायचं. पत्र्यावरची धूळ उडी मारायची, जमीन पोटातून हुंकारायची आणि पांढरंफटक तापलेलं लोखंड ओल्या मातीसारखं दबून पात्याच्या साच्यात बसायचं. या यांत्रिक घणाच्या पेडलवर ती बसायची. तिच्या आधी तिचे वडील बसायचे. कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणायचे, कारण तिचा भाऊ तिला ताई म्हणायचा आणि तो सगळंच मोठ्याने म्हणायचा.

घणाच्या डाव्या अंगाला हा भाऊ, उजव्या अंगाला नवरा. भाऊ लांब सांडशीने भट्टीतून लोखंड ओढायचा आणि साच्यावर आणून ठेवायचा. नवरा ते आपल्या सांडशीत पकडून फिरवायचा. लोखंड नीट बसलं की तो ओरडायचा, "सोड!" तिचा पाय पेडलवर, घण खाली. पुन्हा "सोड!" पुन्हा घण. ठिणग्यांच्या त्या झोडपणीत ती मनातल्या मनात स्वतःच जुळवलेलं गुणगुणायची:

उजवीकडे घरधनी, डावीकडे भाऊराया
मधे पडे घण बाई, पायाखाली माझी माया

'सोड' हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारायचा नाही. हा वडिलांचा नियम. "शब्द कानातून थेट पायात उतरला पाहिजे," ते म्हणायचे. "घरात उठताबसता वापरलात, तर तो वाटेत डोक्यात टेकायला लागेल. तो तिथे टेकला की कुणाचा तरी हात गेला." त्यामुळे लहानपणी भावाने वेणी ओढली, तरी ती "वेणी मोकळी कर!" असंच किंचाळायची, आणि शेजारच्या पोरी पोट धरून हसायच्या.

नवऱ्याला ती अहोजाहो करायची, म्हणून त्याला या नियमात पळवाट सापडली होती. चुलीशी उभी असली की मागून येऊन तिचं मनगट धरायचा.

"अहो, सोडा ना, दूध उतू चाललंय."

"बघा! या घरात सोड बंद आणि सोडा चालू. बाटली फोडू का एक?"

ती लाजायची. भाऊ बाहेरून ओरडायचा, "दाजी, दूध आम्हालाही प्यायचंय!"

असे दिवस होते.

मग मालाला मागणी उरली नाही. गाड्या येईनाशा झाल्या आणि तयार माल आवारात गंजत पडला. पलीकडचा घण बंद झाला, मग त्याच्या पलीकडचा. शेडमध्ये शांतता शिरली आणि तिच्यासोबत माणसांच्या नजरा बदलल्या. फोरमनला सगळे हळूबोल्या म्हणायचे. घणांच्या त्या दणदणाटातही तो कुजबुजल्यासारखाच बोलायचा, त्यामुळे त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे आणि साधी सुट्टीची बातमीही चुगलीसारखी वाटे. त्या सोमवारी त्याने एकेकाच्या कानात तेच सांगितलं. यापुढे एका घणामागे एकच सांडशी. भट्टीतून काढणारा आणि साच्यावर धरणारा एकच माणूस. दुसऱ्याला शनिवारी निरोप.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नळावर शेजारच्या घणाची जोडी भिडली. एका ताटात जेवणारे दोघे, एकमेकांच्या पोरांचे मामा म्हणवणारे. एकाने दुसऱ्याचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं, दुसऱ्याने त्याच्या कानाला दात लावले आणि तुटेपर्यंत सोडला नाही. रक्त पाण्याबरोबर मोरीत गेलं. बुधवारी कुणाच्या तरी बुटात कुणीतरी लोखंडाचे लालभडक तुकडे टाकले. त्याचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे आपापल्या कामाकडे बघत राहिले.

तिच्या घणावर एक नवखाही आणून बसवला होता. केस पिकायला लागलेला माणूस, बंद पडलेल्या एका कचेरीतून आलेला, मऊ हातांचा. "ताई, तुमची तब्येत कधी बिघडली तर," असं हळूबोल्या म्हणाला होता. ती समजून चुकली होती. पण शिकवायचं तर नीट शिकवायचं. नवखा दर वेळी मान वळवून विचारायचा, "दाबू का?"

"विचारायचं नाही हो! कान ऐकतो, पाय दाबतो. मधे डोकं आणलंत की लोखंड गार."

"पण चुकून कुणी..."

"इथे तो शब्द चुकून कुणी बोलत नाही. आणि मी उठले की तुम्ही बसायचं. पेडल कधी रिकामं ठेवायचं नाही."

तीन दिवसांत त्याचं 'दाबू का' बंद झालं. तिने त्याची पाठ थोपटली.

घरात मात्र ताटावर कुणी बोलेना. भाऊ बाजूच्याच खोलीत राहायचा, जेवायला तिघं एकत्र. गुरुवारी संध्याकाळी भाऊ हात छातीशी धरूनच आत आला. त्याचा डावा खांदा अधूनमधून निसटायचा. तिला सवय होती. त्याला जमिनीवर आडवा करायचा, त्याच्या काखेत आपली टाच रोवायची आणि मनगट धरून हळूहळू ओढत राहायचं, की खट्कन् हाड जागेवर.

"आई गं! ताई, तुझ्या पायात घणच आहे."

"गप. ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

"कारखान्यात कळलं ना, तर शनिवारची वाट बघायचे नाहीत ते." तो घामेजल्या तोंडाने हसला. मग दाराकडे बघून म्हणाला, "दाजी, तुम्ही काही पाहिलं नाहीत हं."

नवरा दारात उभा होता. "मी कशाला पाहतोय," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. तो बराच वेळ हात धूत होता.

शुक्रवारी सकाळपासून भट्टी तोंड फाडून जळत होती. घण एकामागून एक पडत होता. मधेच हळूबोल्या आला आणि भावाला बाजूला घेऊन त्याच्या कानाशी वाकला. पेडलवरून तिला ऐकू आलं नाही, पण भावाचा चेहरा दिसला. आधी तो गोंधळला. मग मान वळवून त्याने आपल्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, जणू खांदाच काही बोलला होता. मग दाजींकडे.

हळूबोल्या निघून गेला. भाऊ घणाकडे चालत आला. हातात लांब सांडशी.

"काळजीपोटी सांगितलंत म्हणे?"

नवऱ्याने लोखंड धरलं होतं. "काम कर. मागून बोलू."

"माझा खांदा माझ्या बहिणीच्या घरात निसटला, दाजी! तुमच्या घरात! तिथून तो हळूबोल्याच्या कानात कसा गेला?"

"अरे, तू एकटा आहेस. मला घर आहे. तुझ्याच बहिणीचं घर..."

भावाची सांडशी नवऱ्याच्या बरगड्यांवर बसली. तिला तो आवाज ऐकू आला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. तापलेलं लोखंड साच्यावरून खाली पडलं आणि तेलकट चिंध्या भकाभका पेटल्या. नवरा वाकला, पण पडला नाही. त्याने आपली सांडशी फिरवली, ती भावाच्या कपाळावरून गेली आणि त्याचा अर्धा चेहरा लाल झाला. मग दोघांनी हत्यारं टाकली आणि हातांनी धरलं. ते जास्त वाईट होतं. लोखंडाला दया नसते हे ठाऊक असतं, पण हे हात तिचे होते. एकाने तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं होतं, दुसऱ्याला तिने बोट धरून चालायला शिकवलं होतं.

"अहो! अरे! वेडे झालात का!"

आजूबाजूचे पुढे आले नाहीत. एकजण म्हणाला, "होऊन जाऊ दे, उद्याचं आजच." कुणीतरी हसलं.

भाऊ जवान होता. त्याने नवऱ्याची मान मागून पकडली आणि ढकलत ढकलत ऐरणीपर्यंत नेली. वर टांगलेला घण, खाली उघडा साचा, आणि साच्याच्या काठावर तिच्या नवऱ्याचा गाल. कातडी चरचरली. भावाने धग विसरून डावा हात साच्यावर रोवला होता, सगळं अंग त्या हातावर तोलून तो उजव्या हाताने मान दाबत होता.

"म्हणा, मी चुगली केली! म्हणा!"

नवऱ्याच्या घशातून नुसता घरघर आवाज येत होता. त्याचे पाय जमीन खरवडत होते.

ती पेडलवरून उठली आणि धावली. मागे जागा रिकामी झाली, आणि शिकवलं होतं तसं नवखा पटकन जागेवर बसला. ते तिने पाहिलं नाही. तिने भावाचा सदरा मागून ओढला, त्याच्या पाठीवर मुठी मारल्या, त्याच्या केसांत बोटं घालून मान मागे खेचली. तो हलेना. नवऱ्याचे ओठ निळे पडत चालले होते.

उलट असतं, नवऱ्याने भावाची मान धरली असती, तर ती "सोडा" म्हणाली असती. "अहो, सोडा त्याला." एका कान्याने सगळं वाचलं असतं. पण ज्याला आवरायचं तो धाकटा भाऊ होता, आणि धाकट्या भावाला कोण अहोजाहो करतं?

"सोड!" ती ओरडली. "सोड त्यांना!"

भावाने ऐकलं. आयुष्यभर तो तिचं ऐकत आला होता. त्याची उजवी मूठ उघडली, नवरा गोणीसारखा खाली घसरला.

नवख्यानेही ऐकलं.

दातांना आधी कळलं. तिच्या तोंडावर काहीतरी ऊन, ओलं उडालं. घण पुन्हा वर गेला तेव्हा साच्यात पात्याचा आकार होता, कारण साच्याला दुसरा आकार ठाऊक नव्हता. भाऊ ओरडला नाही. तो आपल्या मनगटाकडे बघत राहिला, आणि मग तिच्याकडे, लहानपणी काही फुटलं की बघायचा तसा. मग तो कोसळला. ओरडत होता तो नवखा. दोन्ही कानांवर हात दाबून तो ओरडत होता, "विचारायला हवं होतं! मी विचारायला हवं होतं!"

इस्पितळात भाऊ शुद्धीवर आला तेव्हा ती पायथ्याशी बसली होती. कपाळावर टाके, डावा हात कोपराखाली पांढऱ्या गाठोड्यासारखा.

"ताई."

"बोलू नकोस."

"आता खांदा बसवायला तुझी टाच नको. ओढायला खाली काही राहिलंच नाही." त्याने हसायचा प्रयत्न केला. तिने तोंडात पदर कोंबला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी लगेच ऐकलं ना गं तुझं?"

"ऐकलंस रे. लगेच ऐकलंस."

"दाजी?"

"गाल भाजलाय. बरे आहेत."

"मग झालं," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. गाठोडं वळलं नाही, ते तिच्याकडेच राहिलं.

नवऱ्याने घरी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुझ्यासाठीच केलं गं. आपल्या घरासाठी." तिने पाय मागे घेतले, एवढंच.

कारखाना चार दिवस बंद होता. ऐरण धुतली, साचा बदलला. उघडला त्या सकाळी हळूबोल्या तिच्या कानाशी आला. "वाईट झालं. पण एका अर्थी प्रश्न मिटला, ताई. या घणावर आणखी कुणाला निरोप द्यावा लागला नाही. नवखा यायचा नाही म्हणतो. तुम्हा दोघांच्या जागा पक्क्या."

डावी बाजू मोकळी होती. नवरा एकटाच भट्टीशी गेला, लोखंड ओढून काढलं, साच्यावर आणून धरलं. नीट धरलं. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

त्याच्या भाजलेल्या गालावरची शीर उडत होती. ओठांनी 'सो'चा आकार घेतला आणि तिथेच थिजला. लोखंड पांढऱ्याचं पिवळं झालं. शेडमधली माणसं वळून बघायला लागली.

"दाब ना," तो पुटपुटला.

"शब्दाशिवाय माझा पाय हलत नाही."

"मला नाही म्हणता येत तो."

"एकदा हळूबोल्याच्या कानाशी गेलात तेव्हा किती शब्द म्हणता आले?"

लोखंड केशरी झालं, मग लाल. ती त्याच्याकडे बघत होती. त्या हातांकडे, चुलीशी तिचं मनगट धरणाऱ्या. तिने उजवा पाय पेडलवरून उचलला आणि शेजारी जमिनीवर सपाट टेकवला. लग्न झाल्यापासून तिने त्याला एकदाही अरेतुरे केलं नव्हतं.

"सोड," ती म्हणाली.

घण वरच राहिला. नवऱ्याने ऐकलं. कान्याशिवायचा तो शब्द त्याच्या कानातून थेट हातात उतरला आणि बोटं उघडली. सांडशी साच्यावर आपटून खाली गेली. तो क्षणभर रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने कातडी अंगरख्याची गाठ सोडली, अंगरखा खुंटीला लावला आणि माणसांमधून वाट काढत तो दारातून बाहेर उन्हात गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तिनेही हाक मारली नाही.

हळूबोल्या धावत आला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच तो आपला कान पुढे करून तिच्या तोंडाशी वाकला.

"काय म्हणालात तुम्ही त्याला?"

तिने साच्याकडे पाहिलं. साच्यातलं लोखंड काळं पडलं होतं.