कॉरलिसची सुरक्षित जागा

महिन्यातून एका रविवारी, चर्च सुटलं की थॉमसिना आपल्या धाकट्या बहिणीला केअर होममधून जेवायला घरी आणत असे. त्या रविवारीही तिने आणलं. टोपी काढून फ्रिजवर ठेवली, ॲप्रन बांधला आणि कॉलर्डच्या पालेभाजीची पानं सिंकमध्ये धुवायला घेतली. कॉरलिस टेबलाशी बसली. तिची खुर्ची ठरलेली होती, शेगडीपासून सगळ्यात लांबची.

"एका पाण्यात वाळू जात नाही त्यांची," कॉरलिस म्हणाली.

"तू बस गं गप. मला नको शिकवू भाजी धुवायला."

"शिकवत नाहीये. मागच्या वेळी जेवायला आलेल्या पास्टरांनी पहिल्या घासालाच 'आमेन' म्हणून ताट सरकवलं ना, तेव्हाच मला कळलं होतं."

थॉमसिनाला हसू आलं. तिने पाणी बदललं. कॉरलिसने मात्र उठून मदत करावी, असं तिच्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी तिने ते परतवून लावलं असतं.

तरुणपणी कॉरलिस नदीकाठच्या एका खानावळीत मासे तळत असे. पंचविशीत तिला आवाज ऐकू येऊ लागले. आजाराला नाव मिळायला, औषध लागू पडायला वेळ गेला. त्या मधल्या काळात एकदा तिने तेलाची कढई जळत्या चुलीवर तशीच सोडली. पडदा पेटला, आईचा हात भाजला. आग विझली, पण कोर्टाने थॉमसिनाला बहिणीची कायदेशीर पालक नेमलं आणि कॉरलिस केअर होममध्ये गेली. पुढे गोळ्यांनी आवाज शांत झाले. कॉरलिस मात्र तिथेच राहिली. आई जाताना म्हणाली होती, "टॉमी, हिला सुरक्षित ठेव." थॉमसिनाने शब्द पाळला. आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या या भागात अशा बहिणीचं चर्चमध्ये कौतुक होतं. जिला सुरक्षित ठेवलं तिला काय वाटतं, हे विचारायची पद्धत नाही.

मक्याचा पाव ओव्हनमध्ये गेला तेव्हा कॉरलिस म्हणाली, "टॉमी, मला घर मिळतंय."

"कुणाचं घर?"

"माझं. लाँड्रीच्या मागे, तळमजल्यावर. सरकारच्या त्या मिस पेल आल्या होत्या. माझ्या आजारपणाच्या पेन्शनमधून थोडं भाडं, बाकीचं राज्य सरकार भरणार. सकाळी एक बाई येऊन गोळ्यांचं बघेल, दुकानात न्यायला सोबत येईल. नोकरीसारखं नाही, की दोन वर्षांनी काढून टाकतील. मी राहीन तोवर आहे ते."

थॉमसिनाने हात पुसले. "होममध्ये मिस्टर गॅस्किन्स काय म्हणाले?"

"त्यांना कशाला विचारू? मी काय त्यांची बायको आहे?"

"कॉरलिस!"

"तुझी सही लागते. म्हणून तुला सांगितलं."

जेवताना थॉमसिनाने बहिणीच्या ताटात दोनदा भाजी वाढली आणि रताळ्याच्या गोड पायचा मोठा तुकडा बांधून दिला. नकार द्यायचा असला की तिचा हात असा सैल होत असे, आणि कॉरलिसला ते ठाऊक होतं.

मिस्टर गॅस्किन्स हे केअर होमचे व्यवस्थापक. मोठ्या आवाजाचे, हसरे गृहस्थ. प्रत्येकाचा वाढदिवस लक्षात ठेवणारे. त्यांच्या जेवणघराच्या भिंतीवर एक फलक होता. त्यावर सगळ्या रहिवाशांची नावं आणि प्रत्येकापुढे एक रंग. पांढऱ्यावरून पिवळा, पिवळ्यावरून निळा, निळ्यावरून हिरवा. हिरवा टिकवला की "बाहेर राहायची तयारी झाली" असं मानायचं. हा नियम सरकारने केलेला नव्हता. तो त्या घरात चालत आलेला होता, आणि चालत आलेल्या गोष्टीला पुरावा कोणी मागत नाही. न विचारता दुसरा कप कॉफी घेतली की रंग खाली. जेवायला उशीर, रंग खाली. कॉरलिस दोनदा हिरव्यावर पोचली होती. एकदा ती शेजारणीवर ओरडली, कारण शेजारीण तिचा स्वेटर घालून फिरत होती. दुसऱ्यांदा तिने दुपारी खोलीचं दार आतून लावून घेतलं. का लावलं, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "दार आहे म्हणून." ते उद्धट उत्तर ठरलं.

कॉरलिसच्या घराविषयीची बैठक त्याच जेवणघरात झाली. मिस पेल वेळेवर आल्या, थॉमसिना चर्चच्या कपड्यांत आली. मिस्टर गॅस्किन्सनी सगळ्यांसाठी कॉफी ओतली आणि कॉरलिसला विचारलं, "तुला हवीय का, राणी?"

"हवीय. दोन कप."

"बघा, कशी चेष्टेखोर आहे!" ते हसले. मग थॉमसिनाकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "मिस थॉमसिना, मी हिचं वाईट चिंतणार नाही. पण खरं सांगायचं तर हिला साधं अंडंही उकडता येत नाही."

"तुम्ही कधी उकडू दिलंत?" मिस पेलनी विचारलं.

"रहिवाशांना स्वयंपाकघरात बंदी आहे. विम्याची अट आहे."

"म्हणजे जिथे हात लावायला मनाई आहे, तिथे येतं की नाही याची परीक्षा?"

"बाईसाहेब, तुम्ही संध्याकाळी पाचला घरी जाता. फोन मला येतात."

हेही खरं होतं. मिस पेल कॉरलिसकडे वळल्या. "या योजनेला कुठलाही रंग लागत नाही. स्वयंपाक येत नसेल तर शिकवायला माणूस येतो. आधी घर, मग बाकीचं. तुम्हाला जायचंय का, एवढाच माझा प्रश्न आहे."

"तिला वाटतं की..." थॉमसिनाने सुरुवात केली.

"तिला विचारलंय, टॉमी," कॉरलिस म्हणाली. "आणि ती म्हणजे मी. मला जायचंय."

मिस्टर गॅस्किन्सनी कप खाली ठेवला. "जा की. पण इथला पलंग मी रिकामा ठेवू शकत नाही. तिकडे नाही जमलं तर परत जागा मिळेल, असं वचन मी देणार नाही. विचार करा, मिस थॉमसिना. तुमच्या आईंना मी ओळखत होतो."

त्या शेवटच्या वाक्याने काम केलं. थॉमसिनाने पर्स मांडीवर घट्ट धरली. "अजून एक वर्ष जाऊ दे," ती म्हणाली. "हिरवा टिकव, पोरी. मग बघू."

कॉरलिस सत्तेचाळीस वर्षांची होती. ती उठली आणि खोलीत गेली. तिने दार आतून लावून घेतलं.

पालकाची सही न मिळाल्याने लाँड्रीमागचं घर दुसऱ्या कोणाला गेलं. मिस पेलनी ते कॉरलिसला स्वतः येऊन सांगितलं आणि जाताना आणखी एक गोष्ट सांगितली. पालक नको असेल, तर तसा अर्ज कोर्टात ती स्वतःच करू शकते. त्यासाठी बहिणीची परवानगी लागत नाही. एवढ्या वर्षांत हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ते लपवलेलं नव्हतं. सांगायची गरज कोणाला भासली नव्हती, एवढंच.

कॉरलिसच्या अर्जाची सुनावणी कोर्टातल्या एका लहान खोलीत झाली. निकाल देणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्मा लावून डॉक्टरांचा अहवाल वाचला, मग थॉमसिनाला विचारलं, "तुमचा विरोध का?"

"एकदा आग लागली होती."

"तेव्हा औषध चालू होतं?"

"नव्हतं. पण पुन्हा काही झालं तर?"

कॉरलिसने बोलायची परवानगी मागितली. तिचे हात थरथरत होते. ती गोळ्यांची थरथर होती, पण तिथे ती भीतीसारखी दिसणार हे तिला कळत होतं, तरी तिने हात टेबलाखाली घेतले नाहीत.

"गेल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीने चर्चच्या कुंपणावर गाडी घातली," ती म्हणाली. "कुंपण पडलं. लोक हसले, दोघांनी ते दुरुस्त केलं. हिच्या गाडीची किल्ली कोणी काढून घेतली नाही. मी एकदा चुकले, तेही आजारी असताना. मी पुन्हा चुकणार नाही, असं कसं सांगू? चुकेनच. पण चुकल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्याच घरी उठायची मुभा सगळ्यांना आहे. तेवढी मला हवीय."

अधिकारी बाई थॉमसिनाकडे वळल्या. "तिच्या हातून काही घडलं, तर तुम्हाला नेमकी कशाची भीती आहे?"

"लोक म्हणतील, टॉमीने बहिणीला वाऱ्यावर सोडलं."

बोलून गेल्यावर तिने स्वतःचे शब्द ऐकले. त्यात कॉरलिस कुठेच नव्हती.

निकाल पुढच्या आठवड्यावर गेला. बाहेर पायऱ्यांवर थॉमसिना म्हणाली, "चल, मी सोडते तुला. रविवारी कोंबडी करते."

"रविवारी न्यायला नको येऊस," कॉरलिस म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पाहुणी म्हणून बोलावशील तेव्हा येईन. दुपारपुरतं सोडलेल्या कैद्यासारखं आता नाही येणार."

केअर होमची व्हॅन उभी होती. ती आत बसली. तिला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून बसली.

व्हॅन वळणापलीकडे गेली तरी थॉमसिना पायऱ्यांवरच होती. मग ती परत आत गेली. अधिकारी बाई कोट घालत होत्या.

"काही राहिलं का?"

"हो," थॉमसिना म्हणाली. "पालक म्हणून माझं नाव खोडायचं राहिलं. विरोध नाही माझा."

कॉरलिसचे हक्क तिला परत मिळाले. घर मात्र अजून मिळालेलं नाही. ती त्याच खोलीत राहते, त्याच जेवणघरात जेवते. भाड्याचं घर आहे म्हणून जाहिरात देणारे मालक सरकारी मदतीचं नाव काढताच सांगतात, "कालच गेलं." ते वाईट लोक नाहीत. त्यांतले काही जण रविवारी चर्चमध्ये थॉमसिनाच्याच बाकावर बसतात.

परवा मिस पेलच्या ऑफिसात असाच एक फोन स्पीकरवर चालू होता. मालकीणबाई बराच वेळ गोड बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सगळं ठीक आहे हो. पण त्या बाईवर लक्ष कोण ठेवणार?"

कॉरलिसने हात पुढे केला. मिस पेलनी फोन तिच्याकडे दिला.

"मीच ती बाई," कॉरलिस म्हणाली. "तुमच्यावर कोण लक्ष ठेवतं?"

मालकीणबाईंनी फोन मात्र ठेवला नाही.