वाळवंटात निघून गेलेले

आपण फार धोरणी आहोत, असा निशिकांतचा स्वतःबद्दल लाडका समज होता. चांगी बिझनेस पार्कातली बँकेची नोकरी, पासिर रिसचा फ्लॅट, घरादाराला पीआर, म्हणजे त्या परदेशात कायम राहायचा परवाना, सगळं त्यानं वेळच्या वेळी पदरात पाडून घेतलं होतं. घोडं अडलं ते अनीशपाशी. पीआर मिळालेल्या बापाला सूट असते; मुलाला मात्र अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षं एनएस, म्हणजे सक्तीची सैन्यसेवा. अनीशला सोळावं लागलं होतं. निशिकांतनं परस्पर पुण्यातलं कॉलेज ठरवलं आणि पोराचा पीआर सोडायचे कागद शुक्रवारी देऊनही आला. त्याच्या बायकोनं, मीनलनं, रडतरडत का होईना, सही केली होती. पोराला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

शनिवारी सकाळी अनीश शाळेच्या प्रेझेंटेशनला बसला. विषय होता रोमन राजवटीतले ज्यू आणि त्यांच्यातले गट. निशिकांत हौसेनं शेजारी खुर्ची ओढून बसला. सद्दूकी मंदिर सांभाळत रोमनांशी जुळवून घेणारे, परूशी धर्मशास्त्र धरून लोकांत राहणारे, झेलट थेट तलवार उपसणारे. आणि एसीन, ज्यांच्यातले कित्येक शहराला कंटाळून वाळवंटात निघून गेले.

"हे खरे शहाणे," निशिकांत म्हणाला. "कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"रोमन त्यांनापण सोडले नाहीत, बाबा. आणि मागे राहिलेल्यांना त्यांचा काय यूज? दे जस्ट रॅन, ला." तिकडच्या पोरांसारखं शेवटी "ला" लावत अनीश टाइप करत राहिला. "मी आणि क्लासमधला फैझल, एनएसला सेम कॅम्प मिळाला तर बेस्ट."

आता टाळणं म्हणजे निव्वळ भेकडपणा होता. निशिकांतनं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

पोरगा आदळआपट करील, या तयारीनं त्यानं चार मुद्दे घोकून ठेवले होते. अनीशनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"आईला माहितेय?"

"हो."

"पुण्याच्या आजीला?"

"तुझी राहायची सोय तिच्याकडेच केलीय."

"म्हणजे फक्त मला विचारलं नाही."

निशिकांतला स्वतःची मनस्वी लाज वाटली. त्यानं अनीशच्या खांद्यावर हात ठेवला. अनीशनं तो झटकला नाही, नुसता खांदा काढून घेतला.

"बाबा, पुढचं मी एकटा करतो," तो म्हणाला.